रेस सोडली की वळण जातं

सकाळचे सात. देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथलं पाणी तेल ओतल्यासारखं संथ असतं. पर्यटक यायला अजून दोन तास आहेत. वाळूवर ओढून ठेवलेल्या जेटस्कीपाशी चाळिशी ओलांडलेला एक माणूस येतो, सीट उचलून बाजूला ठेवतो आणि इंजिनाच्या पोकळीवर वाकून वास घेतो. पेट्रोलचा वास आला तर यंत्र सुरू करायचं नाही. सीट तशीच उघडी टाकून थांबायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, तळाशी साठून राहते आणि स्टार्टरचं बटण दाबल्यावर पडणारी एक ठिणगी तिला पुरते. टाकी भरल्यावर तर काही मिनिटं सीट उघडी ठेवायचीच. किनाऱ्यावरची पोरं या माणसाला दादा म्हणतात. सतरा-अठरा वर्षं झाली, तो जेटस्की चालवतो; अलीकडे पोरांना शिकवतोही. त्याच्या शिकवणीची सुरुवात अशी नाकापासून होते.

दादाचं घर रापणकरांचं, म्हणजे समुद्रात पसरलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून दोराने ओढणाऱ्यांचं. लहानपणी त्याने रापणीचा दोर ओढलाय, वडिलांबरोबर होडीवर गेलाय, भर वाऱ्यात जाळं ओढलंय. पर्यटन वाढलं तसा देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर बनाना राईड, बंपर, पॅरासेलिंगचा धंदा आला आणि गावातले होडीवाले तरुण त्यात शिरले. दादाही शिरला. होडी हाकणाऱ्याला जेटस्की काय कठीण, असं त्याला वाटत होतं. आज तो सांगतो, की त्याची सगळ्यात धोक्याची दोन वर्षं तीच होती, कारण होडीचं शहाणपण जेटस्कीवर अर्ध्यापर्यंतच साथ देतं.

होडीला मागे सुकाणू असतं. इंजिन बंद पडलं, तरी होडीत गती आहे तोवर सुकाणू पाणी कापतं आणि होडी थोडी तरी वळते. जेटस्कीला सुकाणू नाही. तिच्या पोटाखाली एक जाळी आहे. तिथून पाणी आत खेचलं जातं, आतला पंखा ते जोराने मागे लोटतो आणि मागच्या तोटीतून झोत बाहेर पडतो. हँडल फिरवलं की ही तोटी फिरते. झोत एका बाजूला गेला की यंत्राचा मागचा भाग दुसऱ्या बाजूला ढकलला जातो आणि तोंड वळतं. म्हणजे जेटस्कीला पुढे नेणारा आणि वळवणारा, दोन्ही तो झोतच. रेस सोडली की झोत मरतो. मग हँडल कितीही फिरवा, यंत्र नाकासमोर सरळ जात राहतं. पूर्ण वेगातली जेटस्की रेस सोडल्यावर थांबायला शंभरेक मीटरचं अंतर खाते. ताशी साठ किलोमीटरचा वेग धरला, तर एका सेकंदात ती सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. बघता बघता मधलं पाणी संपतं.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. क्लेटन जेकबसन हा अमेरिकेतला मोटरसायकल शर्यतींचा माणूस. मातीवर पडून खरचटण्यापेक्षा पाण्यावर पडलेलं बरं, या विचारातून त्याला पाण्यावरच्या मोटरसायकलची कल्पना सुचली. त्याच कल्पनेवरून बॉम्बार्डिए कंपनीने 1968 मध्ये सी-डू नावाचं यंत्र आणलं, ते लवकरच मागे पडलं. 1973 मध्ये कावासाकीने उभं राहून चालवायचं यंत्र बाजारात आणलं आणि ‘जेटस्की’ हे त्याचं व्यापारी नाव सगळ्याच यंत्रांना चिकटलं. ऐंशीच्या दशकात यामाहाने बसून चालवायचं, मागे माणूस बसवता येईल असं यंत्र काढलं आणि तिथून ही वस्तू शर्यतवाल्यांकडून पर्यटकांच्या हातात गेली. ब्रेक मात्र यायला 2009 उजाडलं. त्या वर्षी सी-डूने ब्रेक असलेली जेटस्की आणली. आपल्या किनाऱ्यांवर भाड्याने फिरणाऱ्या अनेक जेटस्कींना आजही तो नाही.

रेस सोडली की वळण जातं, हे दादाला एका शनिवारी कळलं. मे महिना, सुट्ट्या, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. त्या वेळी पद्धत अशी होती, की गिऱ्हाईक पुढे बसायचं, हँडल त्याच्या हातात द्यायचं आणि चालक मागे बसून नुसतं लक्ष ठेवायचा. गिऱ्हाईकाला ‘मी स्वतः चालवली’ याचं समाधान. त्या दिवशी पुढे वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. मोटरसायकल सफाईने चालवणारा असावा, कारण रेस देताना तो अजिबात बिचकला नाही. सरळ पट्ट्यात त्याने वेग घेतला. समोर स्कूबाची एक बोट नांगरून उभी होती, तिच्यावर सात-आठ माणसं. मुलाने ती पाहिली आणि रस्त्यावर कुणीही करेल तेच केलं: रेस सोडली आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवलं.

जेटस्की वळली नाही.

दादा म्हणतो, त्या क्षणाचा आवाज त्याला आठवतो, म्हणजे आवाज नसणं आठवतं. इंजिनाचा घोष एकदम खाली बसला आणि पाणी चिरत जाण्याची सरसर तेवढी राहिली. हँडल वळलेलं, यंत्र सरळ बोटीकडे. त्याने मुलाच्या काखेखालून हात घातला आणि मुलाच्या बोटांवर आपली बोटं ठेवून रेस दाबली. ज्या बोटीवर आपण आदळणार आहोत, तिच्याकडे तोंड असताना रेस दाबायची! झोत परत उठला, मागचा भाग फेकला गेला, तोंड वळलं. तरीही जेटस्कीची कड बोटीच्या नांगराच्या दोराला घासत गेली आणि मुलाचा गुडघा बोटीच्या फळीवर आपटला. गुडघ्याला चीर गेली, तीन आठवडे प्लास्टर. बोटीवरच्या कुणाला खरचटलं नाही. मुलाचे वडील दवाखान्यात दादाचा हात धरून म्हणाले, “तुमच्यामुळे वाचला.” दादाला ते वाक्य अजून सोसत नाही. त्याच्यामुळेच तो मुलगा तिथे पोचला होता. एकही शब्द न शिकवता त्याने अडीच-तीनशे किलोचं यंत्र त्या मुलाच्या हातात दिलं होतं.

त्या मुलाची चूक नव्हती. घाबरला की माणूस हात सैल सोडतो, हे आयुष्यभराचं वळण आहे. दुचाकीवर ते वळण जीव वाचवतं, जेटस्कीवर तेच घात करतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1998 मध्ये या यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हौशी जलवाहनांमध्ये बहुतेक मृत्यू बुडून होतात. जेटस्की हे एकच वाहन असं निघालं, की तिथे बुडण्यापेक्षा आदळून मेलेले जास्त होते. पाण्यात जायचं म्हणजे पोहता आलं की झालं, ही आपल्याकडची समजूत इथे उपयोगाची नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा बोटीवर, जेट्टीवर किंवा दुसऱ्या जेटस्कीवर आदळला, तर त्याचं पोहणं काय कामाचं?

म्हणून दादाची शिकवणी अशी. तेलाचा एक रिकामा डबा दगड बांधून उथळाच्या पुढे तरंगत ठेवायचा. नव्या पोराने मध्यम वेगात त्या डब्याकडे यायचं आणि ठरलेल्या जागी रेस सोडून हँडल वळवायचं. जेटस्की डब्यावरून जाते. पोरगं वरमतं. पुन्हा तेच. चार-पाच वेळा डबा उडवल्यावर दुसरा धडा: तसंच यायचं, पण वळताना रेस थोडी दाबून धरायची. “सोडू नको रे, दाबून धर, दाबून धर!” असं किनाऱ्यावरून दादा ओरडत असतो. आता जेटस्की वळते. हे तीस-चाळीस वेळा झालं की बोटांना कळतं. डोक्याला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं, पण अपघाताच्या वेळी डोक्याला कुणी विचारत नाही. जो मुलगा हे करून दाखवतो, त्यालाच दादा गिऱ्हाईक बसवू देतो आणि हँडल गिऱ्हाईकाच्या हातात देऊ देत नाही. फार हौस असेल तर मोकळ्या पाण्यात, कमी वेगात, रेसवर चालकाचा हात ठेवून.

याच्या जोडीला एक गोष्ट आहे, ती आपल्या लोकांना मुद्दाम सांगावी लागते. समोरून दुसरी जेटस्की येताना दिसली तर कुठे वळायचं? आपण रस्त्यावर डावी बाजू धरणारी माणसं. हात आपोआप डावीकडे जातो. समुद्राचा नियम उलटा आहे. जगभरच्या जहाजांना लागू असलेल्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार समोरासमोर आलेल्या दोन्ही यंत्रचालित नौकांनी आपापल्या उजवीकडे वळायचं असतं. एक उजवीकडे आणि एक डावीकडे वळला, तर दोघं पुन्हा समोरासमोर! आडव्या येणाऱ्या नौकेचंही तसंच: जी आपल्या उजव्या हाताला आहे, तिला आधी जाऊ द्यायचं. दादाने नव्या पोरांच्या हँडलच्या उजव्या मुठीवर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे. समोर काही आलं, की लाल बाजूला.

आता दोरीची गोष्ट. प्रत्येक जेटस्कीसोबत पिळाची एक दोरी येते. एक टोक किल स्विचला अडकतं, दुसरं चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला. चालक पडला की दोरी ओढली जाते, खटका निघतो, इंजिन बंद. काही रुपयांची वस्तू. पण पुन्हा पुन्हा चढायचं-उतरायचं असतं, दोरी मध्ये येते, मग पोरं ती हँडललाच गुंडाळून ठेवतात. स्विचला टोक अडकलेलं असलं की इंजिन चालतं, एवढंच त्यांना हवं असतं.

दादाच्या हाताखालच्या एका पोराने असंच केलं होतं. संध्याकाळ होती, सुकती लागलेली. गिऱ्हाईक उतरवून तो एकटा परत येताना दुसऱ्या बोटीच्या लाटेवर उडाला आणि पाण्यात पडला. इंजिन मंद आवाजात चालूच राहिलं आणि जेटस्की त्याच्यापासून हळूहळू दूर निघाली, माणूस पोहत गाठू शकणार नाही एवढ्या वेगाने. ओहोटीचं पाणी मुलाला संगमाकडे ओढत होतं. अंगात जॅकेट होतं म्हणून तो तरंगत राहिला. पलीकडच्या भोगव्याच्या बाजूने येणाऱ्या होडीने त्याला उचललं, तेव्हा तासभर झाला होता. जेटस्की खडपावर सापडली. आई किनाऱ्यावर बसली होती. ती कुणाला काही बोलली नाही, मुलाच्या मनगटाला हात लावून बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पहिल्या फेरीआधी दादा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: “दोरी खंय हा?” उत्तर तोंडाने द्यायचं नाही. हात वर करून मनगट दाखवायचं.

पडल्यानंतरचंही शिकवावं लागतं. उलटी झालेली जेटस्की सरळ करायची दिशा ठरलेली असते. मागच्या बाजूला बाणाचा स्टिकर असतो, बाण दाखवेल तिकडूनच फिरवायची. चुकीच्या बाजूने फिरवली तर पाणी इंजिनात जातं आणि मग भर समुद्रात ते यंत्र नुसतं ओझं होतं. वर चढायचं ते मागून, आणि चढणारा पूर्ण वर येईपर्यंत इंजिन बंद.

मागच्या झोताबद्दल मात्र आपल्याकडे बोलतच नाहीत. विषय संकोचाचा आहे, म्हणून तो गिळला जातो. जेटस्कीने झटक्यात वेग घेतला की सगळ्यात मागे बसलेला माणूस पाठीमागे पडतो. तो पडतो ती जागा नेमकी त्या झोताची. माणूस पाय फाकलेल्या स्थितीत असतो आणि तो प्रचंड दाबाचा झोत शरीराच्या आत शिरू शकतो. आतडं फाटल्याच्या, स्त्रियांना आतून गंभीर जखमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पोहण्याचे साधे कपडे यापासून वाचवत नाहीत. जाड रबरी वेटसूटची विजार वाचवते. म्हणून बनवणाऱ्या कंपन्याच यंत्रावर तशी सूचना छापतात. आपल्या किनाऱ्यावर ती विजार कुणी देत नाही. दादाने आपल्या परीने मार्ग काढला: मागे बसणाऱ्याने पुढच्याच्या जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा, चालकाने निघताना रेस हळूहळू वाढवायची, झटका द्यायचा नाही, आणि चालकासह दोनच माणसं. तिसऱ्याला नाही म्हणायचं. बायका-मुलींना तो स्पष्ट सांगतो, की का. पहिल्यांदा बोलताना त्याची जीभ अडखळली होती. आता घरातल्या बहिणीला सांगावं तसं सांगतो आणि बायका ऐकून घेतात. कित्येक जणी साडी किंवा घेरदार कपडे बदलून येतात.

ओढणी, पदर, मोकळे लांब केस यांचा दुसराही धोका आहे. पोटाखालची जाळी पाणी खेचते तेव्हा पाण्यातलं बाकी काहीही खेचते. प्लास्टिकची पिशवी, नायलॉनच्या तुटक्या जाळ्याचा तुकडा, दोर. पंख्यात असलं काही अडकलं की जेटस्की थरथरते, जोर लागत नाही. तेव्हा पहिलं काम इंजिन बंद करून दोरी स्विचमधून काढणं, मग दुसरं काही. इंजिन चालू ठेवून खाली हात घालणारा बोटं गमावतो. उथळ पाण्यात यंत्र सुरू करू नये, याचंही कारण तेच: कमरेएवढ्या पाण्यात सुरू करावं, नाहीतर वाळू आणि खडे आत जाऊन पंखा झिजतो, आणि झिजलेला पंखा ऐन गरजेच्या वेळी झोत देत नाही.

लाइफ जॅकेटबद्दल सगळे बोलतात आणि सगळ्यात जास्त ढिलाई तिथेच होते. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा माणसं गेली. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर प्रत्येक प्रवाशाने जॅकेट घालण्याची सक्ती झाली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या 2022 च्या आकडेवारीत, बुडून मेलेल्या ज्या माणसांच्या जॅकेटची माहिती मिळाली, त्यांतल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांनी ते घातलंच नव्हतं. पण घालणं म्हणजे अंगात अडकवणं नव्हे. दादा गिऱ्हाईकाच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढतो, मग दोन्ही खांद्यांना धरून ते वर उचलून बघतो. कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालून बसवायला तो साफ नकार देतो. जुनं, उन्हाने विरलेलं, दाबल्यावर परत न फुगणारं जॅकेट त्याने कोयत्याने कापलेलं पोरांनी पाहिलंय. फेकून दिलं तर दुसरा कुणीतरी उचलून वापरेल, म्हणून कापतो.

समुद्राचं गणित त्याला घरातून मिळालं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. मग सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओढ भयंकर. आणि संगमावर उधाणाची सुकती लागली की नदीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राच्या लाटा आत येतात, दोन्हींची गाठ वाळूच्या पट्ट्यावर पडते आणि लाटा जागच्या जागी उभ्या राहून फुटतात. शिवाय तो पट्टा एका जागी राहत नाही. त्सुनामी आयलंड म्हणतात ती वाळूची पुळण दर पावसाळ्यानंतर वेगळा आकार घेऊन वर येते. गेल्या हंगामात जिथे खोल होतं, तिथे यंदा गुडघाभर पाणी असू शकतं. म्हणून हंगाम सुरू होताना दादा आधी होडी घेऊन, बांबूने तळ चाचपत सगळा पट्टा फिरतो. पोरांना मोबाईलवर भरतीचा तक्ता दिसतो, तो ते बघतातही. दादा त्याला नावं ठेवत नाही. फक्त म्हणतो, तक्ता बघितल्यावर पाण्याकडेपण बघा.

दुपारनंतर खारा वारा उठतो. सकाळी तेलासारखं असलेलं पाणी तीन-चार वाजता खडबडीत होतं. जेटस्की लाटेवरून उडते आणि आपटते, मागे बसलेल्याच्या कण्याला सगळा हिसका बसतो. उडी मारताना गिऱ्हाईकं आनंदाने ओरडतात, पोरांनाही चेव येतो. पाठीचं दुखणं आधीपासून असलेल्याला आणि गरोदर बाईला दादा कुठल्याच वेळी बसवत नाही.

रापणकरांशी या धंद्याचं भांडण आहे आणि त्यात दादा दोन्हीकडचा आहे. रापण लागलेली असते तेव्हा किनाऱ्यापासून आत दूरपर्यंत जाळ्याचा मोठा अर्धगोल पसरलेला असतो, वर बोये तरंगत असतात, दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावर ओढत असतात. त्या दोरावरून जेटस्की नेली, तर दोर पंख्यात जातो, जाळं फाटतं आणि वीस-पंचवीस घरांची त्या दिवसाची कमाई बुडते. ताणलेला दोर चालकाच्या गळ्याशी आला तर काय होईल, ते बोलवत नाही. रापण टाकलेली दिसली की अर्धा किनारा सोडून द्यायचा, हा दादाने घातलेला दंडक. त्यासाठी त्याने धंदेवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. या लिहिण्यात बाजू घ्यायची झाली, तर ती त्याचीच घ्यावी लागेल: समुद्र आधी रापणकरांचा आहे आणि काही मिनिटांची गंमत त्यांच्या दोरापेक्षा मोठी नाही.

खरं कोडं पैशाचं आहे. फेरी काही मिनिटांची. चालकाला फेरीमागे पैसे. सूचना द्यायला दोन मिनिटं, पट्टे घट्ट करायला एक मिनिट, कपडे बदलायला सांगायचं तर आणखी दहा. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत रांग लागलेली असते, स्टॉलवाला हातातलं घड्याळ दाखवत असतो. एका स्टॉलवर दादाने याच कारणाने काम सोडलं. दारू प्यालेल्या चौघांना त्याने नाही म्हटलं होतं. मालकाने दुसऱ्या पोराला हाक मारली, त्या पोराने त्यांना नेलं, काही झालं नाही, सगळे हसत परत आले. दादा म्हणतो, काही झालं नाही हेच त्या पोराला कायमचं शिकायला मिळालं, आणि त्याला ते सगळ्यात वाईट वाटलं. नंतर त्याने कर्ज काढून स्वतःची जेटस्की घेतली. त्याच्याकडे फेऱ्या कमी होतात. हप्ते मात्र थकलेले नाहीत.

कायदा या यंत्रामागे धापा टाकत येतो, आणि ते फक्त आपल्याकडेच नाही. ब्रिटनमध्ये 2005 साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की जेटस्की हे जहाजांच्या कायद्यातलं जहाज ठरत नाही. त्यामुळे बेदरकार चालकावर जहाजांच्या कलमाखाली खटला चालवता येईना. ती फट बुजायला 31 मार्च 2023 उजाडावं लागलं. आता तिथे धोकादायक रीतीने जेटस्की चालवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रात जलक्रीडांना मेरिटाईम बोर्डाची परवानगी लागते आणि पावसाळ्यात हा सगळा धंदा बंद ठेवावा लागतो. बंदी लागायच्या तोंडावर, 24 मे 2022 ला, तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. हंगामाच्या त्या शेवटच्या दिवसांत समुद्र बदललेला असतो आणि प्रत्येकाला शेवटची फेरी मारायची असते. दादा विसाव्या तारखेलाच आपली जेटस्की वर ओढतो.

शिकायचं कुठे, तर गोव्यात पणजीजवळ राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. यंत्रनौका चालवणं, जीवरक्षण यांचं शिक्षण तिथे मिळतं. दादा तिशीत असताना तिथे गेला. पोहायला, होडी हाकायला जन्मापासून येत असताना वर्गात बसायचं त्याला अवघड वाटलं होतं. पण बुडणाऱ्या माणसाकडे समोरून जायचं नाही, तो मिठी मारून तुम्हालाही खाली नेतो, हे त्याला तिथे नीट करून दाखवलं गेलं. जेटस्कीने जवळ जाताना लाट आणि वारा कुठे ठेवायचा, इंजिन कधी बंद करायचं, हेही.

आणि इथे या यंत्राची दुसरी बाजू दिसते. बाहेर फिरणारा पंखा नाही, उथळात जाते, एका मिनिटात पोचते: बुडणाऱ्याला वाचवायला जेटस्कीसारखं साधन नाही. हवाई बेटांवरच्या ब्रायन केउलाना या जीवरक्षकाने तिच्यामागे तराफा बांधून मोठ्या लाटांतून माणसं बाहेर काढायची पद्धत रुजवली. आज जगभर ती वापरतात. गोव्यात 2008 पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर आहेत, तेही जेटस्की वापरतात. देवबागला असं पथक दारात उभं नसतं. तिथे हाक आली की रांगेतलं गिऱ्हाईक तसंच सोडून ही पोरंच धावतात. दादाने आजवर अकरा जणांना पाण्याबाहेर काढलं. नऊ जगले.

तुम्ही कधी मालवणला, तारकर्लीला किंवा गोव्यात कळंगुटला गेलात आणि जेटस्कीवर बसायची इच्छा झाली, तर जरूर बसा. फक्त बसण्याआधी चालकाचं मनगट बघा. तिथे दोरी नसेल, तर बांधायला सांगा. त्याने ऐकलं नाही, तर उतरा आणि दुसऱ्या स्टॉलवर जा.